खरी फुंक

"लेखी नाही, पण तोंडी आहे," काटेवाले काका म्हणाले. "म्हणजे होती. सध्या मुलीकडे गेलीय."

दारात उभ्या असलेल्या सिस्टरचं पेन थांबलं. तिच्या फॉर्मवरचा प्रश्न अगदी साधा होता. दम्याचा त्रास वाढला तर काय करायचं, याची लेखी योजना तुमच्याकडे आहे का? पुढे दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'. 'मुलीकडे गेलीय' असा तिसरा चौकोन छापायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"काका, मी कागदाचं विचारतेय."

"आणि मी बायकोचं सांगतोय. दमा मला तिसाव्या वर्षापासून आहे आणि कागद तिच्या डोक्यात आहे. मी जिना चढायला लागलो की तिला वरून कळतं. पहिल्या वळणावर माझं बोलणं थांबलं की ती पंप काढून ठेवते. दुसऱ्या वळणावर मी थांबलो की खुर्ची दारात येते. आणि नुसता खोकलाच ऐकू आला तर बाईसाहेब चपला घालून तयार, दवाखान्यात न्यायला. याच्यापुढे तुमचा कागद आणखी काय सांगणार?"

"त्या इथे नसतील तेव्हा काय करायचं, ते सांगेल," असं म्हणून सिस्टरनं 'नाही'च्या चौकोनात खूण केली.

उत्तर इतकं सरळ होतं की काकांना रागवायचंही सुचलं नाही. ते बाजूला झाले आणि तिला म्हणाले, "आत या. उन्हातून आलाय, पाणी तरी घ्या."

सिस्टर वॉर्डाच्या दवाखान्यातली. वयानं काकांच्या मुलीएवढीच, पण चालून चालून टाचा झिजलेल्या तिच्या चपला पाहिल्या तर चार वर्षं मोठी वाटावी. दम्याच्या लोकांची यादी घेऊन ती घरोघर फिरत होती. पाणी पिऊन झाल्यावर तिनं आपण होऊनच सांगितलं, "तुमचं अडतिसावं घर. आत्तापर्यंत कागद निघाला चार जणांकडे. त्यातल्या एका आजोबांचा कपाटाच्या लॉकरमध्ये आहे, हरवू नये म्हणून. किल्ली सुनेकडे. आणि सून दिवसभर नोकरीवर."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे म्हणतात, डॉक्टरांनी सांगितलंय. काय सांगितलंय असं विचारलं की म्हणतात, सांगितलंय ना."

काका मनापासून हसले. हसता हसता खोकले, आणि सिस्टरनं मान तिरकी करून तो खोकला ऐकला. अगदी बायको ऐकते तसा. काकांना उगाचच कसंतरी झालं.

जाताना तिनं पिशवीतून प्लॅस्टिकचं एक नळकांडं काढून दिलं. वर आकड्यांची पट्टी, तिच्यात सरकणारा छोटा लाल काटा. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, तोंडात धरून एकदम जोरात फुंकायचं. काटा जिथे थांबेल तो आपला आकडा. काकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, काटा बोटानं मागेपुढे केला, कानाशी नेऊन हलवलं आणि विचारलं, "याच्यावर तपासणीचा शिक्का कुठाय?"

हा प्रश्न त्यांनीच विचारावा. चाळीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवली होती. इमारतीच्या तळमजल्यावर, इस्त्रीवाल्याच्या शेजारी, त्यांचं दुकान होतं. तिथे सोनाराच्या नाजूक तराजूपासून धान्याच्या गोण्या तोलणाऱ्या लोखंडी काट्यापर्यंत सगळी जात पायाशी येऊन बसायची. सरकारी माणूस शिक्का मारायला यायचा तेव्हा काकांच्या हातचा काटा असला तर नुसता बघून मारायचा. पारड्याखाली शिशाचा एक तुकडा, बस्, एवढंच करून द्या, असं म्हणत आलेल्या कितीतरी दुकानदारांना त्यांनी वाटेला लावलं होतं. एकदा तर सख्ख्या मेव्हण्याला. त्यावरून बायकोच्या माहेरी दोन वर्षं जाणं-येणं बंद होतं, पण बायकोनं एका शब्दानं नवऱ्याला बोल लावला नव्हता.

काकांनी फुंकलं. सवय नव्हती, ओठ सैल राहिले, वारा बाजूनं निघून गेला. काटा दोनशे नव्वदवर थांबला.

"पहिल्या खेपेला असंच होतं," सिस्टर म्हणाली. "तुमच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाचा साडेचारशेच्या आसपास यायला हवा. दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ तीन फुंका मारायच्या आणि तिन्हीतला मोठा आकडा वहीत लिहायचा. मग मी येईन आणि त्यावरून तुमचं कार्ड बनवू. हिरवा, पिवळा, लाल. कधी काय करायचं, सगळं लेखी."

ती गेल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं. बायकोला जाऊन दोन महिने आणि अकरा दिवस झाले होते. मुलीला जुळं झालं, जावई फिरतीच्या नोकरीवर, मग आईनं जायलाच हवं होतं. त्यात काकांना तक्रारीला जागा नव्हती. तक्रार नव्हतीच. फक्त घरात पाऊल टाकलं की कान आपोआप टवकारायचे. पस्तीस वर्षं रोज वरून एकच हाक यायची, "आलात का?" खरं तर जिन्यावरची पावलं ऐकून ती ओळखत असेच, मग विचारायचं कशाला? तर "आलो" हा शब्द कसा येतो ते ऐकायला. एका दमात आला की ती स्वयंपाकघरात परत जायची. तुटत आला की पंप. काका अजूनही दुसऱ्या वळणावर मोठ्यानं "आलो" म्हणायचे, आणि कुलूप उघडताना स्वतःलाच खजील वाटायचं. आपण कितव्या पायरीला थांबतो हे जगात कुणालाच माहीत नाही, या विचारानं त्यांना दम्यापेक्षा जास्त गुदमरायला व्हायचं.

त्याच संध्याकाळी त्यांनी खिडकीपाशी उभं राहून, ओठ घट्ट मिटून, नीट फुंकलं. काटा सटकन चारशे चाळीसवर गेला. दुसऱ्यांदा चारशे तीस. तिसऱ्यांदा पुन्हा चारशे चाळीस. बघा, यंत्र खरं आहे, अशी कारागिराची मान हलवून त्यांनी वही उघडली, तोच फोन वाजला.

"आली होती का कुणी दवाखान्यातून? शेजारणीनं सांगितलं मला," बायको म्हणाली. चारशे मैलांवर बसून हिला इमारतीतली बातमी काकांच्या आधी कळायची. "काय म्हणाली?"

"कागद करायचा म्हणते. लेखी."

"चांगलंच आहे की." मागे एक बाळ रडत होतं, ते थांबलं तर दुसऱ्यानं सूर लावला. "हे बघा, मी तुम्हाला आज विचारणारच होते. पोरीची रजा महिनाअखेरीला संपतेय. ऑफिसवाले म्हणतात या, नाहीतर सोडा. मी वर्षभर राहिले तर तिला जाता येईल. पण तुमचा जीव टांगणीला लावून मी इथे नाही राहायची. तो कागद नीट झाला, तब्येत बरी आहे असं ती बाई म्हणाली, तर राहते. नाहीतर येते. किती आला तुमचा आकडा?"

वर्षभर. काकांनी हातातल्या नळकांड्याकडे पाहिलं. लाल काटा चारशे चाळीसवर होता, जराही हलत नव्हता.

"तीनशे," ते म्हणाले.

"आणि किती हवा?"

"साडेचारशे."

"अगं बाई!" ती म्हणाली. "मग मला यायलाच हवं."

काकांच्या छातीत असं काही हललं, की ते सुख होतं हे ओळखायलाही त्यांना वेळ लागला. अर्ध्या ग्रॅमसाठी मेव्हणा तोडणाऱ्या माणसानं एका शब्दात एकशे चाळीसची दांडी मारली होती. फोन ठेवून त्यांनी वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: तीनशे.

मग ते रोजचंच झालं. पण स्वभाव असा, की खरं काय आहे ते कळल्याशिवाय चैन पडायचं नाही. म्हणून आधी तीन खऱ्या फुंका मारायच्या, त्यातला मोठा आकडा मनात ठेवायचा, आणि मग चौथी फुंक वहीसाठी, गरम चहा निववतो तशी. दोनशे नव्वद. तीनशे. तीनशे दहा. एकदा चुकून तीनशे साठ गेला तर पुन्हा फुंकून खाली आणला. फोनवर बायको रोज आकडा विचारायची आणि ते रोज सांगायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं महिनाअखेरीचा रविवार ठरवून टाकला. "गाडीचं बघायला सांगितलंय," ती म्हणाली. "आणि खिडकीचे पडदे धुवायला टाका, तुम्ही धुतले नसणारच."

काकांनी पडदे धुवायला टाकले. कपाट आवरलं. तिची उशी उन्हात ठेवली.

मधे एकदा मुलीनं फोन घेतला. "बाबा, तुम्ही काळजी करू नका हं. आईला मी पाठवते. नोकरीचं काय, मिळेल परत कधीतरी." बोलताना ती हसली. ते हसू काकांनी लहानपणापासून ओळखलेलं होतं. परीक्षेत कमी मार्क पडले की ती असंच हसायची. पण त्या दिवशी काकांनी ते ओळख न दाखवता जाऊ दिलं.

दोन आठवड्यांनी सिस्टर आली. वही पाहून तिच्या कपाळाला आठी पडली. "सुधारला नाही हो आकडा. औषध नियमित घेता ना? डॉक्टरांना दाखवावं लागेल." पण कार्ड तिनं केलं. सर्वांत चांगला आकडा तीनशे दहा, त्यावरून हिशोब. अडीचशेच्या वर हिरवा: तब्येत ठीक, नेहमीची कामं चालू ठेवा. एकशे पंचावन्न ते अडीचशे पिवळा: पंपाच्या फुंका घ्या, थांबा, पुन्हा मोजा. त्याच्या खाली लाल: फुंका घेत घेत ताबडतोब दवाखाना. आणि तळाशी बारीक अक्षरात एक ओळ: बोलताना वाक्य पुरं होत नसेल तर आकडा काहीही असो, लाल समजा.

"ही ओळ महत्त्वाची," तिनं बोट ठेवून सांगितलं. काकांनी मान हलवली. पण जन्मभर काट्याकडे बघत आलेला माणूस, त्याचे डोळे आकड्यांवरच फिरत होते.

"तुमचं 'नाही' खोडून 'हो' केलं मी फॉर्मवर," सिस्टर खूश होऊन म्हणाली. "पाचवा कागद."

कार्ड काकांनी दुकानात टेबलासमोरच्या खिळ्याला अडकवलं.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी एका वाण्याचा जुना लोखंडी काटा दुकानात आला. गंजून लाल झालेला. काका तो घासायला बसले. समोरच्या दुकानाच्या शटरला रंगाचे फवारे मारणं चाललं होतं, आणि वारा नेमका इकडचा. अर्ध्या तासात छातीतून शीळ ऐकू यायला लागली. काकांनी कानस खाली ठेवली, नळकांडं घेतलं आणि फुंकलं. आज हळू फुंकायची काही गरज पडली नाही. दोनशे साठ.

त्यांनी वर कार्डाकडे पाहिलं. दोनशे साठ म्हणजे हिरवा. तब्येत ठीक, नेहमीची कामं चालू ठेवा.

आता हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही, पण काकांनी पुन्हा कानस उचलली. तो आकडा खोटा आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरीसुद्धा लिहिलेला आकडा समोर दिसला की तो मानायचा, ही हातापायांत मुरलेली सवय. पंधरा मिनिटांनी दोनशे तीस आला. पिवळा. त्यांनी पंपाच्या फुंका घेतल्या, कार्डात लिहिल्याप्रमाणे थांबले, पुन्हा मोजलं. दोनशे दहा. अजून पिवळाच. कार्ड शांतपणे सांगत होतं की लाल व्हायला बराच अवकाश आहे. आणि इकडे खांदे वर उडायला लागले होते, कपाळावरून घाम निथळत होता. तेव्हा काकांना पहिल्यांदा भीती वाटली. मरणाची वाटली तेवढीच याचीही, की आपल्या हातून खोटा काटा बाजारात गेला आणि त्यावर तोललं जाणारं गिऱ्हाईक आपणच आहोत.

"काका, चहा सांगू का?" शेजारून इस्त्रीवाल्यानं हाक मारली.

काकांनी तोंड उघडलं. "न..." एवढंच आलं.

इस्त्रीवाला पन्नाशीचा, गप्पिष्ट, उठायचा कंटाळा असलेला माणूस. पण त्या एका अक्षरावर तो उठून आला, काकांचा चेहरा बघितला, आणि कुणाला काही न सांगता त्यांना आपल्या स्कूटरवर मागे बसवून, पंप हातात देऊन, एका हातानं त्यांना धरून निघाला. इस्त्री तशीच टेकवून आला होता. कुण्या वकिलाचा पांढरा शर्ट होता तिच्याखाली. त्याचं काय झालं ते नंतर सगळ्या गल्लीनं पाहिलं.

दवाखान्यात तोंडाला वाफेचा मुखवटा लावला. डॉक्टर आले, इंजेक्शन झालं. सिस्टर धावतच आली. इस्त्रीवाल्यानं निघताना खिळ्यावरचं कार्डही ओढून आणलं होतं, ते तिच्या हातात देऊन तो म्हणाला, "मोजत होते हो दुपारभर. दोनशे दहा म्हणून टेबलावर खडूनं लिहिलंय."

"दोनशे दहा म्हणजे पिवळा," सिस्टर कार्डाकडे आणि काकांकडे आळीपाळीनं बघत म्हणाली. "पिवळ्यातला माणूस असा दिसत नाही. ते यंत्र तर बिघडलं नाही ना?"

यंत्र बिघडलंय म्हणायची आयती संधी होती. बिचाऱ्या यंत्रावर ढकललं असतं तर ते काही बोलणार नव्हतं. तासाभरानं श्वास जागेवर आला तेव्हा काकांनी मुखवटा बाजूला केला.

"यंत्र बरोबर आहे," ते म्हणाले. "मी हलकं फुंकत होतो."

"म्हणजे?"

"मुद्दाम. माझा खरा आकडा चारशे चाळीस आहे. चौदाही दिवसांचे खरे आकडे पाठ आहेत, सांगू?"

सिस्टर खुर्चीवर बसली. तिला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर ती रागावली. चांगलीच रागावली. "काका, चारशे चाळीसच्या माणसाला दोनशे वीसच्या खाली लाल! तुम्ही लालमध्ये बसून होतात! तुम्ही त्या टेबलावर मेला असतात, आणि माझ्या फॉर्मवर लिहिलेलं असतं की या माणसाकडे लेखी योजना होती. हो! खूण केलेली! कशासाठी केलंत हे?"

काकांना कारण सांगायचं होतं. पण साठी ओलांडलेल्या माणसानं आपल्या मुलीच्या वयाच्या बाईला, बायकोची आठवण येते म्हणून, असं सांगायचं कसं? ते चादरीच्या सुरकुत्या सरळ करत राहिले.

"ती वर्षभर राहणार होती तिकडे," अखेर ते म्हणाले.

सिस्टरचा राग उतरला की नाही कळलं नाही. जाताना तिनं कार्ड उभं फाडलं आणि तुकडे स्वतःच्या खिशात टाकले.

आठवडाभर काकांनी दुकान उघडलं नाही. छाती पूर्ण सुटल्यावर सिस्टरच्या समोर फुंकायचं आणि मग नवं कार्ड, असं ठरलं होतं. बायकोला तोवर काही सांगायचं नाही, असं त्यांनी इस्त्रीवाल्याला आणि शेजारणीलाही बजावलं. आकडा नक्की झाला की सांगू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळंच होतं. ती रविवारी येणार आहे, असं घर त्यांना आणखी आठ दिवस हवं होतं. धुतलेले पडदे लावताना, तिची उशी तिच्या जागेवर ठेवताना, फोनवर तिची गाडीची वेळ ऐकताना, हे सगळं आपण परत करणार आहोत हे त्यांना ठाऊक होतं. तरीही त्यांनी ते रोज थोडं थोडं घेतलं.

शुक्रवारी दुपारी सिस्टर आली. काका खिडकीपाशी उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकले. चारशे तीस. चारशे चाळीस. चारशे चाळीस. तिनं तिन्ही वेळा स्वतः वाकून काटा पाहिला आणि नव्या कार्डावर आकडे मांडले. साडेतीनशेच्या वर हिरवा. दोनशे वीसच्या खाली लाल. तळाची बारीक ओळ या खेपेला तिनं लाल पेननं, मोठ्या अक्षरात, सर्वांत वर लिहिली.

शेवटचा एक रकाना राहिला होता. "जवळचं माणूस," तिनं वाचलं. "मागच्या वेळी मी न विचारताच तुमच्या मिसेसचं नाव घातलं होतं. त्या येताहेत ना परवा?"

काकांनी तिच्या हातातून कार्ड घेतलं. "हा रकाना राहू दे. मी भरतो."

संध्याकाळी सात वाजता त्यांनी फोन लावला.

"बॅग भरून झाली," बायकोनं उचलल्या उचलल्या सांगितलं. आवाज असा हलका होता की काकांना पुढचं बोलणं नकोसं झालं. "तुमच्यासाठी एक स्वेटर विणलाय, बाह्या जरा मोठ्या झाल्यात. रविवारी तुम्ही स्टेशनवर येऊ नका, मी येईन रिक्षानं. ऐकताय ना?"

"ऐकतोय. अगं, माझे आकडे खोटे होते."

त्यांनी सगळं सांगितलं. चारशे चाळीस, चहावर मारतात तशी चौथी फुंक, रंगाचा वास, वकिलाचा शर्ट. दवाखान्याचं सांगताना तिचा श्वास अडकलेला त्यांना ऐकू आला. मग ते म्हणाले, "आता मी ठणठणीत आहे. खरोखरचा. सिस्टरनं स्वतः बघितलं."

"मला माहीत होतं," बायको म्हणाली.

"काय?"

"खोटे आहेत ते. अहो, तीनशेचा माणूस पडद्यांवरून माझ्याशी एका दमात दहा मिनिटं भांडतो का? तुमचा श्वास मला फोनमधून ऐकू येत नाही असं वाटलं तुम्हाला? पण मी नाही विचारलं. म्हटलं, आकडा कमी आहे ना, मग जायला हवं. कुणी बोललं तर सांगायला कारण आहे. पोर ऑफिसचं पत्र घेऊन बसायची संध्याकाळी, आणि मी इकडे बॅग भरायची. तुम्ही एकट्यानं नाही केलं हे."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. बघायला होतंच कोण? ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिलाही यायचं होतं, इतकं यायचं होतं, हे कळल्यावर तिला राहा म्हणणं भाग होतं.

"पोरीला सांग, सोमवारी ऑफिसला जा म्हणावं," ते म्हणाले.

"आणि मी?"

"तू राहा."

मागे एक बाळ काहीतरी बोलल्यासारखं करत होतं. बायकोनं नाक ओढलं आणि म्हणाली, "कार्ड वाचून दाखवा. सगळं."

त्यांनी वाचलं. ती मधे मधे थांबवत होती. पंप कुठे ठेवलाय? दुकानात एक, वर एक? खुर्ची दाराजवळ असू द्या, कार्डात नसली तरी. लाल पेननं लिहिलेली ओळ तिनं दोनदा वाचायला लावली. काका शेवटच्या रकान्याशी आले आणि थांबले.

"पुढे?"

"जवळचं माणूस असं आहे. दहा मिनिटांत पोचू शकेल असं." त्यांनी पेन उघडलं होतं. "कोणाचं लिहू?"

"इस्त्रीवाल्याचं लिहा," ती म्हणाली.

काकांनी लिहिलं. बॉलपेन मधेच अडलं, म्हणून शेवटची अक्षरं पुन्हा गिरवावी लागली.

"लिहिलंत?"

"लिहिलं."

"नंबर सांगा त्याचा. माझ्याकडेही असू दे."

काका एकेक आकडा सांगत गेले. तिकडे ती प्रत्येक आकडा पुन्हा म्हणत लिहून घेत होती, आणि सगळा लिहून झाल्यावर, कुठे चुकायला नको म्हणून, तिनं तो पहिल्यापासून एकदा वाचून दाखवला.